नवं इंजिन ‘बसतं’ म्हणजे नेमकं काय होतं?

नवी गाडी घेतली की चावीबरोबर सल्लेही हातात पडतात. मोठा भाऊ बजावतो, “पहिले हजार किलोमीटर चाळीसच्या वर नेऊ नकोस.” मित्राचं म्हणणं उलट, “सुरुवातीलाच पिळून घे, नाहीतर गाडी जन्मभर ढिम्म राहील.” शोरूममधला माणूस मान हलवतो, “आता काही करावं लागत नाही, इंजिनं कंपनीतूनच तयार येतात.” तिघंही अगदी खात्रीने बोलतात, आणि तिघांच्याही बोलण्यात थोडं थोडं तथ्य असतं. त्यामुळेच नवा मालक जास्त गोंधळतो.

जुनी माणसं ‘इंजिन बसणं’ म्हणतात, कुणी ‘रिंगा सेट होणं’ म्हणतं, मॅन्युअलमध्ये ‘रनिंग-इन’ असतं. शब्द वेगळे असले तरी घडणारी गोष्ट एकच. ती गोष्ट डोळ्यांसमोर आली की कुणाचं किती ऐकायचं हे आपोआप कळतं. माझं मत आधीच सांगून टाकतो. रनिंग-इन म्हणजे गाडी हळू चालवणं, हा समज चुकीचा आहे. नव्या इंजिनाला हवा असतो तो बदल. भार वाढावा, उतरावा, पुन्हा वाढावा. एकाच संथ वेगाने काढलेले हजार किलोमीटर हे जपणं नव्हे.

भिंत आरशासारखी गुळगुळीत का नसते?

इंजिनात सिलिंडर असतो आणि त्यात पिस्टन वर-खाली पळतो. पिस्टन सिलिंडरच्या भिंतीला घट्ट टेकलेला नसतो. तसा असता तर तापून फुगल्यावर अडकला असता. म्हणून दोघांमध्ये बारीक फट ठेवतात आणि ती बुजवायला पिस्टनभोवतीच्या खाचांत धातूच्या कड्या बसवतात. याच पिस्टन रिंगा. साधारणपणे वरच्या दोन रिंगा जळलेल्या वायूचा दाब अडवतात आणि खालची तिसरी भिंतीवरचं जास्तीचं ऑइल निपटून काढते.

सिलिंडर उघडा पडला असेल तेव्हा गॅरेजमध्ये त्यात टॉर्च मारून बघा. चकचकीत नळी दिसेल असं वाटतं, पण आत तिरक्या रेघांची जाळी असते. एक रेघ उजवीकडून वर चढते, दुसरी डावीकडून, आणि दोघी एकमेकींना छेदतात. ही जाळी कारखान्यात मुद्दाम घासून काढतात. त्या कामाला होनिंग म्हणतात. रेघांची खोली मायक्रॉनमध्ये मोजायची. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आणि आपला केस सुमारे सत्तर मायक्रॉन जाड असतो. रेघा त्याच्या कितीतरी पट उथळ.

या रेघा दोन कामं करतात. त्यांच्या खाचांत ऑइल साठून राहतं आणि दोन खाचांमधले उंचवटे रिंगेला घासतात. नव्याने टाकी लावलेलं जातं हाताला खरखरीत लागतं आणि सुरुवातीच्या दळणात त्याची कच पडते, तसाच हा प्रकार. काही तासांत उंचवट्यांची टोकं झिजून सपाट होतात, रिंगेची कडाही भिंतीच्या आकाराप्रमाणे घासली जाते आणि दोघांचा मेळ जमतो. खोल खाचा मात्र तशाच राहायला हव्यात, कारण पुढे वर्षानुवर्षं ऑइल धरून ठेवण्याचं काम त्यांचंच आहे.

हा मेळ नीट जमला नाही तर जळलेला वायू रिंगांच्या बाजूने खाली निसटतो आणि ऑइल वर चढून जळतं. ताकद कमी, मायलेज कमी, सायलेन्सरमधून निळसर धूर आणि ऑइल खाणारं इंजिन, ही सगळी लक्षणं तिथून सुरू होतात.

रिंगेला भिंतीवर दाबतं कोण?

पुढचं सगळं या प्रश्नाच्या उत्तरावर उभं आहे. रिंगेला स्वतःची स्प्रिंगसारखी ताण असते, पण ती फार नसते. खरा जोर येतो जळणाऱ्या वायूचा. इंधन पेटलं की दाब रिंगेच्या वरून तिच्या मागच्या खाचेत शिरतो आणि आतून तिला भिंतीवर ढकलतो. अॅक्सिलरेटर चांगला दाबलेला असताना सिलिंडरमधला दाब बाहेरच्या हवेच्या पन्नास पटींच्याही वर जातो. अॅक्सिलरेटर जेमतेम उघडा असेल तर तो त्या मानाने फारच कमी राहतो.

सुताराला फळी घासताना आठवा. पॉलिश पेपर नुसता वरवर फिरवला तर लाकूड घासलं जात नाही, कागद मात्र भुश्श्याने भरतो आणि बोथट होतो. हात थोडा भार देऊन फिरला तरच फळी सपाट होते. नवं इंजिन नुसतं उभं राहून चालू ठेवलं किंवा सपाट रस्त्यावर नाजूक पायाने तासन्‌तास पळवलं तर हेच होतं. रिंगा भिंतीवरून घसरत राहतात, घासत नाहीत. वर चढलेलं थोडं ऑइल भिंतीवर भाजतं, त्याची चकचकीत साय खाचांत बसते आणि भिंत गुळगुळीत होऊन जाते. मेकॅनिक याला ‘ग्लेझ’ म्हणतात. एकदा ग्लेझ झालं की रिंगा बसण्याची संधी हुकली. मग इंजिन खोलून पुन्हा होनिंग करण्यावाचून सहसा गत्यंतर नसतं. हलक्या भारावर तासन्‌तास चालणाऱ्या डिझेल जनरेटरमध्ये हा दोष नेहमी आढळतो.

एवढ्याने पटलं नसेल तर विमानाकडे बघा. छोट्या विमानांना पिस्टनचं इंजिन असतं आणि तिथे इंजिन बिघडणं म्हणजे जिवाशी गाठ. तरी नव्याने जोडलेलं इंजिन हळूहळू उडवा असं तिथे कुणी सांगत नाही. लायकमिंग ही अशी इंजिनं बनवणारी कंपनी सुरुवातीच्या उड्डाणांत ६५ ते ७५ टक्के ताकदीवर इंजिन चालवायला सांगते, आणि ऑइलचा खप स्थिर होईपर्यंत हा क्रम चालू ठेवायला सांगते. कारण वर सांगितलं तेच: रिंगा बसायला दाब लागतो.

मग पहिल्या दिवसापासून पिळायला काय हरकत?

मित्राचं म्हणणं इथवर बरोबर ठरलं. पण दाबाबरोबर उष्णता येते, आणि तिथे तो चुकतो.

टोकदार उंचवटे एकमेकांवर घासतात तेव्हा त्या बिंदूंवर क्षणभर प्रचंड उष्णता होते. भार मर्यादेत असेल तर टोक झिजतं आणि ऑइल ती उष्णता वाहून नेतं. भार आणि वेग दोन्ही हद्दीबाहेर गेले की ऑइलचा थर फाटतो, टोकं एकमेकांना चिकटतात आणि पुढच्या क्षणी ओरबाडून सुटतात. रिंगेवर आणि भिंतीवर उभे चरे उमटतात. ते नंतर बुजत नाहीत.

त्यात अॅल्युमिनियमचं फुगणं येतं. पिस्टन बहुतेक अॅल्युमिनियमचे असतात, आणि बिडाच्या तुलनेत अॅल्युमिनियम तापल्यावर जवळपास दुप्पट फुगतं. ८० मिलिमीटर व्यासाचा अॅल्युमिनियमचा तुकडा शंभर अंशांनी तापला तर ०.१८ मिलिमीटरने वाढतो. फटच मुळात मिलिमीटरच्या शतांशात मोजली जाते, तिथे हा आकडा लहान नाही. थंड इंजिन सुरू करून लगेच पूर्ण अॅक्सिलरेटर दिला तर पिस्टन झपाट्याने तापतो, भोवतालचा सिलिंडर मागे राहतो आणि फट नको तितकी आवळते. जुन्या इंजिनातही हे टाळावं, पण नव्यात उंचवटे अजून शाबूत असल्याने धोका जास्त.

थोडक्यात, भार द्यायचा पण सलग नाही. आणि इंजिन गरम झाल्याशिवाय मुळीच नाही.

रस्त्यावर हे कसं करायचं?

समजा गिअरची कार आहे. सुरू केल्यावर इंजिन जरा चढ्या आवाजात फिरतं, मिनिटभरात आवाज खाली येतो. मग निघायचं, उभं राहून गरम करत बसायचं नाही. पहिली दहा मिनिटं पाय हलका. तापमानाचा काटा मध्यावर आला तरी घाई नको, कारण तो काटा कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचा असतो आणि ऑइल त्याच्यामागून तापतं.

मग मोकळा रस्ता मिळाला की तिसऱ्या गिअरमध्ये, दोन हजार आरपीएमच्या (म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांच्या) आसपास, अॅक्सिलरेटर अर्ध्यापर्यंत ठामपणे दाबायचा. इंजिन ओढू लागतं, आवाज भरतो. साडेतीन हजारांच्या आसपास पाय पूर्ण काढून घ्यायचा आणि क्लच न दाबता, ब्रेक न लावता गाडी गिअरमध्येच मंदावू द्यायची. या मंदावण्यात मोठा फायदा आहे. रिंगांवरचा भार उतरतो, सिलिंडरमध्ये ओढ तयार होऊन भिंतीवर थोडं ऑइल वर येतं, तापलेल्या जागा निवतात आणि घासलेला कण धुऊन जायला वाट मिळते. मग एक-दोन मिनिटं साधं चालवायचं आणि पुन्हा तसंच. हे करताना आधी आरशात मागे बघा. पाय काढून गाडी मंदावते तेव्हा ब्रेकचे दिवे लागत नाहीत, मागच्याला अंदाज येत नाही.

मोटरसायकलला हेच तत्त्व. फक्त हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला मधूनमधून थांबून विसावा द्यावा, कारण तिथे उष्णता काढून न्यायला पाणी नसतं. आकडे ज्याच्या त्याच्या मॅन्युअलप्रमाणे. मी लिहिलेला साडेतीन हजार हा उदाहरणापुरता; तुमच्या पुस्तकात कमी मर्यादा असेल तर तीच पाळा. जसजसे किलोमीटर वाढतील तसतशी आरपीएमची कमान थोडी थोडी वर न्यायची. कधी अडीच हजार, कधी चार हजार, असं वरचं-खालचं सगळं इंजिनाच्या अंगवळणी पडलं पाहिजे.

कंपन्यांच्या सूचना वाचल्या तर ‘बदलता वेग’ हाच धागा दिसतो. टोयोटाच्या मॅन्युअलमध्ये पहिल्या हजार किलोमीटरसाठी फार वेग नको, एकदम अॅक्सिलरेटर नको आणि खालच्या गिअरमध्ये सतत चालवणं नको असं लिहिलेलं असतं, आणि त्याच यादीत एकाच वेगाने बराच वेळ चालवू नका असंही असतं. पहिल्या तीन सूचना सगळे पाळतात, चौथी कुणाला आठवत नाही. म्हणूनच नवी गाडी घेऊन महामार्गावर वेग आपोआप एकसारखा ठेवणारा क्रूझ कंट्रोल लावून दिवसभराचा प्रवास करणं मला पटत नाही. त्यापेक्षा चढ-उतारांचा, वळणांचा रस्ता निवडा. गिअर बदलावे लागले की निम्मं काम रस्ताच करून टाकतो.

‘हळू’ चालवण्याच्या नादात होणारी मोठी चूक

आरपीएम कमी म्हणजे इंजिनाला आराम, असं समजून लोक पस्तीसच्या वेगाला चौथा-पाचवा गिअर टाकतात आणि चढ आला तरी उतरवत नाहीत. इंजिन धडधडतं, गाडी हुंदके देते, आणि चालवणाऱ्याला वाटतं की आपण तिला जपतोय. नव्या इंजिनाला याहून वाईट वागणूक क्वचितच मिळत असेल.

यामागचं कारण बेअरिंगमध्ये आहे. इंजिनातला मुख्य दांडा, म्हणजे क्रँकशाफ्ट, बेअरिंगला टेकून फिरत नाही; तो ऑइलच्या पातळ थरावर तरंगतो. हा थर दांड्याच्या फिरण्यातूनच तयार होतो. चपटी खापरी जोरात फेकली तर पाण्यावर टप्पे घेत जाते, वेग ओसरला की बुडते. दांड्याचंही तसंच. फेरे पुरेसे असले की थर जाड, कमी पडले की पातळ. वरच्या गिअरमध्ये कमी आरपीएमला अॅक्सिलरेटर दाबला की वरून दाब पूर्ण आणि खालून ऑइलचा आधार दुबळा. धातू धातूला लागतो. गिअर एक खाली घ्या, आरपीएम वाढू द्या, आवाज वाढला तरी चालेल.

“पण आता इंजिनं तयारच येतात ना?”

पूर्वीपेक्षा नक्कीच तयार येतात. १९५०च्या दशकात ब्रिटनमध्ये नव्या गाडीच्या मागच्या काचेवर ‘रनिंग इन, कृपया पुढे जा’ अशी पाटी लावायची पद्धत होती. तेव्हाची होनिंग ओबडधोबड, ऑइल साधं, भागांची मापं आजच्याइतकी नेमकी नाहीत. त्यामुळे गाडी खरोखरच जपावी लागे. ‘चाळीसच्या वर नको’ हा सल्ला त्या काळातला आहे. त्या काळापुरता तो शहाणपणाचाच होता.

आता होनिंग दोन टप्प्यांत करतात. आधी खोल रेघा, मग उंचवट्यांची टोकं कारखान्यातच कापून सपाट पठारं. म्हणजे झिजण्याचं बरंचसं काम आधीच उरकलेलं असतं. पण उरकलेलं म्हणजे संपलेलं नव्हे. बऱ्याच कारखान्यांत इंजिनाची तपासणी इंधन न जाळता, विजेच्या मोटरने ते फिरवून होते. त्यात गळती आणि आवाज कळतात, पण रिंगांना जळत्या वायूचा दाब मिळत नाही. तुमच्या सिलिंडरची तुमच्या रिंगेशी खरी ओळख गाडी रस्त्यावर आल्यावरच होते.

शिवाय, गरज उरली नसती तर कंपन्यांनी मॅन्युअलमधून ते पान काढून टाकलं असतं. होंडा आजही पहिले हजार किलोमीटर पूर्ण अॅक्सिलरेटर टाळायला सांगते. बीएमडब्ल्यूच्या पेट्रोल गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये २००० किलोमीटरपर्यंत ४५०० आरपीएम आणि ताशी १६० किलोमीटर ही हद्द दिलेली असते. आकडा बघा: १६०. म्हणजे हळू चालवा असं तेही सांगत नाहीत, फक्त टोक गाठू नका म्हणतात.

हजार किलोमीटर थोडे वाटतात, म्हणून एक हिशेब. ताशी सरासरी ४० किलोमीटर धरले तर ते २५ तास होतात. सरासरी ३००० आरपीएमला तेवढ्या वेळात क्रँकशाफ्टचे ४५ लाख फेरे होतात आणि प्रत्येक पिस्टन ९० लाख वेळा भिंतीवरून सरकतो. मेळ जमायला एवढे फेरे पुष्कळ आहेत. रिंगांचं बहुतेक काम तर सुरुवातीच्या काही शे किलोमीटरमध्येच आटोपतं, म्हणून मोल पहिल्या आठवड्याचं जास्त.

पहिलं ऑइल लवकर बदलावं का?

मोटरसायकलचं पहिलं ऑइल ट्रेमध्ये उतरताना एकदा जरूर बघा. उन्हात धरलं की त्यात चंदेरी झाक दिसते, एखाद्या रंगात अभ्रकाची पूड मिसळावी तशी. बोटांवर चोळलं तर खर लागत नाही इतके ते कण बारीक असतात. तेच घासलेले उंचवटे. बघून घाबरायचं कारण नाही, सगळं ठरल्याप्रमाणे चालल्याची ती खूण आहे. चिंता करायची ती नखाने उचलता येईल असा तुकडा दिसला तर.

मोटरसायकलमध्ये इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लच बहुधा एकाच ऑइलवर चालतात. गिअरच्या दातांची आणि क्लचची झीजही त्याच ऑइलमध्ये येते. म्हणून ५०० ते १००० किलोमीटरची पहिली सर्व्हिस अजिबात पुढे ढकलू नये. कारमध्ये गिअरबॉक्सचं तेल वेगळं असतं, आणि बऱ्याच कंपन्या पहिल्या सर्व्हिसला इंजिन ऑइल बदलतही नाहीत. मन मानत नसेल तर लवकर बदलायला सहसा हरकत नाही, पण होंडासारखी कंपनी ठरलेल्या वेळेआधी मूळ ऑइल काढू नका असं सांगते, तिथे तिचं ऐकावं. ऑइलमध्ये जस्त आणि फॉस्फरस असलेलं एक रसायन असतं. घासणाऱ्या जागी उष्णता आणि दाब मिळाला की ते धातूवर बारीक संरक्षक पापुद्रा चढवतं. पहिल्या ऑइलचं हेही एक काम असतं.

“सिंथेटिक ऑइल इतकं निसरडं असतं की रिंगा बसतच नाहीत,” हेही नेहमी ऐकू येतं. शेव्हरोले कॉर्व्हेट १९९२पासून कारखान्यातूनच सिंथेटिक ऑइल भरून येते आणि आज तशा गाड्या कितीतरी आहेत. त्यांच्या रिंगा व्यवस्थित बसतात. मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या दर्जाचं ऑइल घाला, त्यावर वाद नको.

ऑटोमॅटिक, हायब्रिड आणि विजेची गाडी

ऑटोमॅटिकमध्ये गिअर आपल्या हातात नसला तरी पाय आपलाच असतो. ठाम दाबणं आणि सोडणं तिथेही जमतं. गिअर हाताने बदलायचा मोड असेल तर आणखी सोपं. हायब्रिडमध्ये मात्र एक गोष्ट लक्षात ठेवावी. मीटरवर हजार किलोमीटर दिसले तरी त्यातला काही प्रवास विजेच्या मोटरवर झालेला असतो, म्हणजे इंजिन त्याहून कमी चाललेलं असतं. शिवाय ते प्रवासात मधूनच, अर्धवट थंड असताना सुरू होतं. म्हणून हायब्रिडला थोडे जास्त किलोमीटर द्यावेत. विजेच्या गाडीत रिंगा नाहीत आणि सिलिंडरही नाही, त्यामुळे हा सगळा प्रश्नच येत नाही.

ब्रेक आणि टायर मात्र सगळ्यांनाच आहेत. नवे ब्रेक पॅड डिस्कवर पूर्ण बसलेले नसतात आणि नव्या टायरचा पृष्ठभाग सुरुवातीला गुळगुळीत असतो. पहिल्या ३०० किलोमीटरमध्ये पुढच्या गाडीपासून नेहमीपेक्षा जास्त अंतर ठेवा, आणि दुचाकी असेल तर वळणावर एकदम झुकू नका. इंजिनाची चूक खिशाला लागते, ही अंगाला.

“माझ्याकडून हे काहीच झालं नाही, आता?”

पहिल्या आठवड्यातच महामार्गावर चारशे किलोमीटर एका वेगाने गेलात, किंवा कधी एकदा आरपीएम लाल रेषेपर्यंत गेला, म्हणून झोप उडवून घेऊ नका. एखाद्या प्रसंगाने इंजिन बिघडत नाही; सवयीने बिघडतं. किलोमीटर कमी झालेले असतील तर आजपासून बदलता वेग सुरू करा, बहुतेक इंजिनं सावरतात.

सावरलं की नाही हे कानाने किंवा पिकअपवरून ठरवू नका. इंजिन ‘मोकळं झालं’ असं वाटतं त्यात आपल्या सरावाचाही वाटा असतो. खरं उत्तर डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी मोजायची पट्टी देते. गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर पाच-दहा मिनिटांनी डिपस्टिक काढा, फडक्याने पुसा, पुन्हा आत घालून काढा आणि ऑइलची रेघ कुठे आहे ते लिहून ठेवा. दर तीन-चारशे किलोमीटरला हेच करा. सुरुवातीला पातळी थोडी उतरू शकते. रिंगा बसेपर्यंत नवं इंजिन थोडं ऑइल खातं. खालच्या खुणेजवळ गेली तर त्याच दर्जाचं ऑइल भरून घ्या. लागोपाठ दोन-तीन नोंदींमध्ये रेघ एकाच जागी राहिली की रिंगा बसल्या. दोन-तीन हजार किलोमीटर झाल्यावरही ती सारखी उतरत असेल, तर ती नोंदवही घेऊन वॉरंटीत असतानाच सर्व्हिस सेंटरला जा.